हाकेला ओ

मी ओ दिली तेव्हा माझ्या दातांत कुंचला होता. म्हणजे तोंड उघडणं शक्यच नव्हतं. एक कुंचला दातांत आडवा, दुसरा हातात, फळी उतरती लावलेली, आणि आकाशाचा निळा रंग वरून खाली येत कागदाच्या निम्म्यावर आलेला. पलीकडच्या खोलीतून अण्णांनी हाक मारली, "आहेस का रे?" आणि पलीकडच्याच खोलीतून माझा आवाज म्हणाला, "आहे, अण्णा. काम करतोय." अगदी माझाच आवाज, जरा खुशीतला. धक्का बसायचं खरं तर काही कारण नव्हतं. माझ्या आवाजात ओ देणारा तो डबा मी आणि बायकोनं मिळूनच वडिलांच्या खोलीत ठेवला होता, त्याला बरेच आठवडे होऊन गेले होते, आणि दिवसातून कितीतरी वेळा तो माझ्या वतीनं बोलायचा. पण फ्रिजची घरघर जशी कानाला कळेनाशी होते तसं ते मला ऐकू येईनासं झालं होतं. त्या दुपारी ते ऐकू आलं. आणि ऐकू आल्याबरोबर असं वाटून गेलं की तिकडे, अण्णांपाशी, मी खरोखरच बसलेलो आहे, निवांत, पाय पसरून; आणि इकडे दातांत कुंचला धरलेला हा कोणी भलताच माणूस आहे, ज्याला कोणी हाक मारत नाही. हात मात्र थांबला नाही. निळा रंग शेवटच्या कडेपर्यंत एकसारखा उतरला, कुठे डाग नाही, कुठे वळ नाही. आकाश चांगलं झालं.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, पाण्याच्या रंगांत. ज्यांनी हा उद्योग कधी केलेला नाही त्यांना वाटतं, अवघड म्हणजे चेहरे, हाताची बोटं. बोटांचं काय, ती उद्याही काढता येतात. अवघड असतं ते रिकामं आकाश. कागद ओला आहे तेवढ्या वेळातच रंग एका दमात खाली आणायचा. मध्ये मान वळवलीत, नुसतं "काय हो?" म्हणालात, की जिथे थांबलात तिथे रंग वाळून कड धरतो. ती कड मग पुसून जात नाही, खरवडून जात नाही, वर पक्षी काढला तर पक्ष्याच्या आरपार दिसत राहते. आणि हातात घेतलेलं पुस्तक नेमकं एका ढगाचं होतं. हा ढग घर सोडून निघतो आणि भटकत राहतो, त्यामुळे पानोपानी आकाश. संपादकबाईंनी मजकूर पाठवला तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. पानोपानी आकाश, आणि भिंतीपलीकडे अण्णा.

अण्णांना काही हवं असायचं असं नाही. हवं असतं तर सोपं होतं. पाणी दिलं, चादर सारखी केली, प्रश्न मिटला. "आहेस का रे?" आणि मी "आहे" म्हटलं की गप्प. जरा वेळानं पुन्हा. सुरुवातीला मी उठून जायचो. "काय झालं, अण्णा?" "काही नाही." "दुखतंय का काही?" "छे." "मग हाक कशाला मारलीत?" त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "आहेस ना, एवढंच," म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांच्या आजाराला लांबलचक नाव दिलं होतं आणि पुढे काय काय होत जाईल ते सावकाश, समजुतीच्या सुरात सांगितलं होतं. पण ही हाक आजारातून आलेली नव्हती हे आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. ती नोकरीतून आलेली होती.

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनीत गेली. लहानपणी मी एकदा तिथे गेलो होतो. लोखंडी जिना चढून वर काचांची खोली, ओळीनं उभे असलेले खटके, तेलाचा वास, आणि भिंतीवर एक घंटा. पुढच्या स्टेशनच्या केबिनीतही अशीच घंटा आणि असाच एक माणूस. काहीही कळवायचं असेल तर आधी एकच ठोका द्यायचा. त्या ठोक्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. फक्त, तिकडे कोणी लक्ष देऊन बसलंय ना? तिकडून तसाच एक ठोका परत आला की, बसलंय. मग पुढचं बोलणं, मग गाडी. ठोका परत आला नाही तर गाडी सोडायची नाही. तिकडे काहीतरी विपरीत झालंय असं धरून चालायचं. अण्णा तिथे पेपर वाचत नसत, रेडिओ लावत नसत. मी दिवसभर तिथे होतो तर माझ्याशीही बोलले नाहीत. मला त्याचा राग आला होता आणि नंतर कितीतरी वर्षं तो राग मी जपून ठेवला. आता वाटतं, त्या माणसानं आयुष्यभर काही बनवलं नाही, काही लिहिलं नाही, काढलं नाही. नुसतं लक्ष दिलं. मी ज्यासाठी डोकं आपटत असतो ती गोष्ट त्यांच्याकडे ढिगानं होती आणि तिचं त्यांनी काहीच केलं नाही, गाड्या तेवढ्या सुखरूप जाऊ दिल्या. घरी आल्यावर चपला काढता काढता ते आईला विचारायचे, "आहेस का गं?" आई स्वयंपाकघरातून "हं" म्हणायची. तिचं ते "हं" इतकं बारीक असायचं की आम्हाला ऐकूही येत नसे, पण त्यांना पोचायचं. आई गेली आणि ती हाक माझ्या वाट्याला आली. ताई दुसऱ्या शहरात. घरी बसून काम करणारा मीच.

घरी बसून काम करणारा म्हणजे रिकामा, असा जगाचा समज असतो, आणि खरं सांगायचं तर दुपारच्या वेळी माझाही असतो. लक्ष कसं लावावं यावर मी त्या काळात इतकं वाचलं, इतकी भाषणं ऐकली की तेवढ्या वेळात एखादं पुस्तक चितारून झालं असतं. पहाटे उठावं म्हणे. उठलो, तर अण्णाही उठले. फोन कपाटात ठेवावा, ठेवला. गार पाण्यानं तोंड धुवावं, टेबलावर एकच वस्तू असावी, एकाच वेळी एकच काम हाती घ्यावं. एक टोमॅटोच्या आकाराचं गजराचं खेळणं मिळतं. ते पिळून ठेवायचं, टिण्ण होईपर्यंत मान वर करायची नाही. ते मी मोठ्या हौसेनं आणलं. पहिल्यांदा वाजलं आणि पलीकडच्या खोलीतून, पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा आपटल्याचा एक ठोका आला. मला वाटलं योगायोग असेल. दुसऱ्यांदा वाजलं, पुन्हा ठोका. अण्णा ओ देत होते. त्यांचा चेहरा मी दारातून पाहिला. कितीतरी महिन्यांत इतका तरतरीत पाहिला नव्हता. मग ठोक्यापुढे गाडीची काहीच खबर येईना म्हणून ते बेचैन झाले आणि संध्याकाळपर्यंत, पुढचा रस्ता मोकळा असल्याचा निरोप आला का अशा अर्थानं, विचारत राहिले, "लाइन मिळाली का? लाइन मिळाली का?" टोमॅटो मी बायकोबरोबर तिच्या स्टुडिओत पाठवून दिला.

त्यानंतर ते पडले. हाक मारली होती आणि मी आकाशाच्या मधोमध होतो. ओ दिली, पण दातांतल्या दातांत. ती त्यांना पोचली नाही. मग तिकडे काहीतरी विपरीत झालंय असं धरून ते बघायला उठले आणि उंबऱ्यात आडवे झाले. मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात छातीवर धरून ते मला विचारत होते, "तू बरा आहेस ना?" त्या आकाशावरची कड मी अजून ठेवली आहे, फेकवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता बायको म्हणाली, "त्यांना तू नको असतोस रे. त्यांना ओ हवी असते."

बायको आवाजाची माणूस. बोलत्या पुस्तकांच्या स्टुडिओत काम करते. वाचणारे वाचून जातात आणि ही त्यांचे श्वास, घोट, जिभेचे चटचट आवाज काढून टाकत बसते. माणूस कुठे थकला, कुठे त्याचं लक्ष उडालं, हे तिला नुसत्या आवाजावरून कळतं, आणि तिच्याशी संसार करताना ही काही सोयीची गोष्ट नाही. तिनं एक जुना फोन आणि लहानसा स्पीकर एका पत्र्याच्या डब्यात बसवला. त्या खोलीत कोणी ठरावीक पट्टीच्या वर बोललं की डबा क्षणभर थांबणार आणि माझ्या आवाजात ओ देणार. वेगवेगळ्या ओ हव्यात, म्हणजे यंत्र वाटायचं नाही. "आहे, अण्णा." "आहे हो." "इथेच आहे." "आहे, अण्णा. काम करतोय." आवाज घुमू नये म्हणून कपाटातले कपडे बाजूला करून मी आत उभा राहिलो आणि बोलून बोलून घसा कोरडा केला.

"पुन्हा," बायको म्हणाली.

"आता काय झालं?"

"खेकसलास."

"मी साधं आहे म्हटलं."

"साधंच खेकसलास. तुला कळत नाही ते. मला कानात दिसतं."

घेतलेल्या सगळ्या ओ तिनं टाकून दिल्या. मग पुढच्या आठवड्यात संपादकबाईंचा फोन आला, ढगाच्या पुस्तकाची कच्ची चित्रं त्यांना फार आवडली होती, काहीही बदल नको होता. मी घरभर शीळ घालत फिरत होतो. बायकोनं दंडाला धरून मला कपाटात उभं केलं. "आज बोल," म्हणाली. त्या दिवशीच्या ओ चांगल्या आल्या. अण्णांना तेव्हापासून रोज, प्रत्येक हाकेला, त्या एका खुशीतल्या दुपारचा मुलगा मिळत गेला.

आणि डबा चालला. चालला नसता तर किती बरं झालं असतं असं आता वाटतं, पण चालला, उत्तम चालला. पहिल्या सकाळी मी भिंतीला कान लावून उभा होतो. हाक, मग ओ, मग शांतता. पुन्हा हाक, ओ, शांतता. अण्णा उठले नाहीत, कण्हले नाहीत. मी टेबलाशी येऊन बसलो आणि दचकून खिडकीकडे पाहिलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मधला दिवस मी कुठे होतो ते मला सांगता येणार नाही. अशा वेळी हात आपला राहत नाही, रंगच ठरवतो कुठे जायचं, आणि आपण नुसते त्याच्या मागून चालतो. तरुणपणी हे मला कधीमधी लाभायचं. आता रोज लाभू लागलं. मी खोटं कशाला बोलू, मला फार सुख झालं. मुदतीच्या आधी अर्धं पुस्तक झालं. संपादकबाई म्हणाल्या, "तुम्ही काय जादू केलीत हो? माझ्या सगळ्या चित्रकारांना शिकवा." मी म्हटलं, सलग बसायची सवय लावून घेतली. त्यांनी लगेच दुसऱ्या पुस्तकाचं विचारलं, आणि मी हो म्हटलं.

डब्याचा एकच दोष होता. त्याला आवाज कळायचा, माणूस कळायचा नाही. अण्णा शिंकले की डबा म्हणे, "आहे हो." ताट पडलं की, "इथेच आहे." आम्ही सुरुवातीला तोंडात पदर नि रुमाल कोंबून हसलो. पण मी स्वतः आत जाऊन "अण्णा, चहा" म्हटलं की तेव्हाही तो फडताळावरून माझ्या आवाजात म्हणायचा, "आहे, अण्णा. काम करतोय." अण्णा भांबावून एकदा माझ्याकडे, एकदा फडताळाकडे बघायचे. डबा प्रत्येक वेळी बंद करायचा नि चालू करायचा हे व्हायचं नाही. एकदा चालू करायला विसरलो आणि ते पुन्हा उंबऱ्यापर्यंत जाऊन पोचले. तेव्हा सोपा उपाय म्हणून मी त्यांच्या खोलीत हळू बोलू लागलो. डब्याच्या पट्टीच्या खाली, कुजबुजत. "अण्णा, चहा." "अण्णा, गोळी." "हात वर करा, सदरा घालू." बायकोही तसंच. मग ती सवय खोलीबाहेर आली. जेवताना आम्ही कुजबुजायचो, भांडण झालं तर तेही कुजबुजत. घरात मोठ्यानं बोलणारा एकटा डबा उरला होता.

ताईचा रविवारी फोन यायचा. अण्णांच्या हाती फोन देऊन मी टेबलाशी परतायचो, मग फोन परत घेऊन उरलेलं बोलणं बाहेर येऊन करायचो. एका रविवारी ती म्हणाली, "धाकट्या, अण्णा तुझं फार कौतुक करत होते हं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हल्ली धाकटा एका हाकेला ओ देतो. पूर्वी वसकन अंगावर यायचा. आता गोड बोलतो. खूप काम आहे त्याला, तरी बोलतो." ताईचा आवाज भरून आला होता. "मला बरं वाटलं रे ऐकून. मी इथे लांब बसून नुसती काळजी करते. तू करतोयस."

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार होतो? डब्याचं तिला सांगितलेलं नव्हतं. सांगायला हवं होतं असं नाही, पण नव्हतं सांगितलं. ती आणखी म्हणाली, "आणि घरी माणूस ठेवलात ते फार चांगलं केलंत. अण्णा म्हणत होते, तो हळू बोलणारा माणूस चांगला आहे. हात हलका आहे त्याचा." मला वाटलं, अण्णांनी सरमिसळ केली असेल, हॉस्पिटलात प्लास्टर घालणारा कोणी आठवला असेल. मी तो विषय तिथेच सोडला. आता विचार करतो तेव्हा कळतं की त्याच क्षणी मला कळलं होतं, आणि मी संध्याकाळपर्यंत दोन पानांचे ढग पुरे केले.

आणि मग ती दुपार, दातांत कुंचला असलेली. आकाश पुरं झालं तसा मी कुंचले पाण्यात टाकले आणि अण्णांच्या खोलीत गेलो. चहाची वेळ नव्हती, गोळीची नव्हती. अशा बिनकामाच्या वेळी मी त्या खोलीत किती दिवसांत गेलो नव्हतो ते आठवेना. ते उशीला टेकून बसले होते. प्लास्टर निघालेला हात मांडीवर, बोटं जरा सुजलेली. त्यांनी मान वर केली आणि चेहऱ्यावर एक ओळखीचं हसू आणलं, जे ते पूर्वी केबिनीत निरोप घेऊन येणाऱ्या माणसांसाठी आणायचे. "या," म्हणाले. माझ्या वडिलांनी मला "या" म्हटलं. मी नेहमीच्या सवयीनं कुजबुजलो, "अण्णा, कसं वाटतंय?" ते म्हणाले, "छान आहे. बसा ना. हळू बोलता ते बरं करता. पलीकडे मुलगा काम करतोय माझा." त्यांच्या बोलण्यानं डबा जागा झाला आणि म्हणाला, "आहे हो." अण्णांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, बघा, मी म्हटलं नव्हतं? असं. त्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मी खाली बघितलं. आयुष्यभर या माणसाकडून जे मला हवं होतं ते तिथे होतं, माझ्यासाठीच होतं, आणि ते माझ्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे चाललं होतं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती बोटानं टेबलावर पडलेलं पाणी पसरत राहिली.

"डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना," ती म्हणाली. "ओळख जाणार. डबा नसता तरी गेली असती."

"गेली कुठे? त्यांना मी आठवतो. चांगला आठवतो. फक्त तो मी नाही."

"मग बंद करू या डबा."

"आणि पडले म्हणजे?"

"मग राहू दे."

"आणि हे असंच?"

"मग मी काय करू सांग!" ती एकदम मोठ्यानं म्हणाली, आणि दोघंही दचकलो, आणि पलीकडून आम्हाला ओ आली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनंच तो आवाज स्वच्छ केला होता. माझे सगळे श्वास, सगळा वैताग, जिथे जिथे मी होतो ते ते सगळं काढून टाकून. पण हे मी तिला म्हटलं नाही. तिनं माझ्यासाठी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेल्यावर मी डबा बंद केला. काम गुंडाळून ठेवलं, खुर्ची उचलून अण्णांच्या पलंगाशी नेली आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसलो. इतके आठवडे कुजबुजून घशाला सवय राहिली नव्हती. पहिला शब्द फाटका आला. "अण्णा, मी आहे. धाकटा."

त्यांनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू. कामात असतो तो."

"तो मीच, अण्णा. बघा तरी माझ्याकडे."

त्यांनी बघितलं. मनापासून बघितलं, कपाळ, नाक, बोटांना लागलेला निळा रंग. लक्ष देणं त्यांच्याइतकं कोणाला येत असेल? ते सगळं लक्ष माझ्या तोंडावर खिळलं आणि मी श्वास धरून बसलो, शाळेत निकालाला बसायचो तसा. मग ते सौम्यपणे म्हणाले, "असं होय," आणि माझं मन राखायला थोडं हसले. आणि भिंतीकडे वळून त्यांनी हाक मारली, "आहेस का रे?"

"आहे, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. भिंतीकडे कान देऊन थांबले. दुसऱ्या कोणाला मारलेल्या हाकेला मीच मध्ये ओ देऊन मोकळा झालो असं काहीतरी त्यांच्या कपाळावरच्या आठीत होतं. पुन्हा हाक मारली, जरा चढ्या आवाजात. मी पुन्हा म्हटलं, आहे. त्यांचा हात धरून म्हटलं. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. नजर एका जागी ठरेना. "त्याला काहीतरी झालंय," ते म्हणाले. पाय पलंगाखाली सोडले. मी त्यांना धरलं तसे ते माझ्या दंडाला घट्ट धरून, अजिजीनं, जन्मात कधी माझ्याशी बोलले नव्हते अशा आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही जरा बघून या ना. शेजारच्याच खोलीत आहे. एकटाच असतो तो. कधी ओ चुकवत नाही. जा हो, बघून या."

मी गेलो. त्यांना उशीशी नीट टेकवून, मला बघायला गेलो. खोलीत टेबल होतं, गुंडाळलेले कागद होते, पेल्यात कालचं निळं पाणी होतं, आणि कोणी नव्हतं. मी भिंतीशी उभा राहिलो. वाटलं, इथून ओ दिली तर? भिंतीपलीकडून आली तर पटेल. पलीकडून हाक आली आणि मी पोटातून जोर काढून ओरडलो, "आहे, अण्णा! काम करतोय!" पण त्या आवाजात सगळं होतं, धाप होती, रडं होतं, राग होता, त्यांनी ओळखावं म्हणून धरलेला हट्ट होता. मग अण्णा घाबऱ्या आवाजात म्हणाले, "कोण आहे? कोण आहे तिकडे?" आणि पलंग करकरला.

मी धावत आत गेलो. ते उभे राहण्याच्या बेतात होते. एका हातानं त्यांना सावरून दुसऱ्या हातानं मी फडताळावरच्या डब्याचं बटण दाबलं. "बरा आहे तो," मी कुजबुजत म्हटलं. "बघून आलो. मारा आता हाक." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आहेस का रे?" डब्यानं नेहमीसारखा क्षणभर दम घेतला. "इथेच आहे," तो म्हणाला, खुशीत, प्रेमानं, जसं मला कधीही म्हणता आलं नव्हतं. अण्णांच्या अंगातला ताण माझ्या हातातल्या हातात उतरला. मी त्यांना निजवलं, पाय वर घेतले, चादर ओढली. त्यांचा श्वास संथ होईपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहिलो. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले. मग डोळे न उघडताच, अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, "तुमची फार धावपळ झाली हो."

"नाही," मी कुजबुजलो. डबा चालू होता.

"तुम्हाला वडील आहेत?"

"आहेत."

"मग घरी जा आता," अण्णा म्हणाले. "वाट बघत असतील. इथे माझा मुलगा आहे."